प्रोस्टेटच्या लेसर शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले तरी वडिलांच्या लघवीत मधूनच रक्त दिसते. हे काळजीचे आहे का?

होल्मियम लेसरने प्रोस्टेटचा वाढलेला भाग काढल्यावर आतली जखम भरायला काही आठवडे लागतात आणि तोवर, विशेषतः शौचाला जोर केल्यास किंवा वजन उचलल्यास, लघवी मधूनच लालसर होऊ शकते. अशा वेळी विश्रांती घ्यावी व पाणी अधिक प्यावे, मात्र हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास डॉक्टरांना विचारूनच. या शस्त्रक्रियेनंतर काही काळ खोकताना लघवीही गळू शकते; हे वडीलधाऱ्यांना फार लाजिरवाणे वाटते आणि ते घरात सांगतही नाहीत, म्हणून आपणच विचारावे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. रक्ताच्या गुठळ्या पडल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.