कोलाडला कुंडलिकेच्या काठी मुलांना घेऊन पहिल्यांदाच तंबूत राहणार आहोत. तंबू पाण्याच्या किती जवळ लावावा?

पाण्याला लागून अजिबात नको. काठ चढून वर, झाडं-गवत सुरू होतं तिथे लावा. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सोडतात, तिथलं राफ्टिंगही त्यावरच चालतं. म्हणजे आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी पातळी चढते. झुडपांत अडकलेला पालापाचोळा बघा, पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. पाणी सोडायची वेळ गावात विचारून ठेवा. तंबूखालची ताडपत्री कडेने बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर दवाचं पाणी ओघळून थेट अंथरुणाखाली. आणि हो, थंडीतही जाळीची खिडकी थोडी उघडी हवी. बंद तंबूत पहाटे आतूनच थेंब टपकतात. हे सगळं हिवाळा-उन्हाळ्यापुरतं. पावसाळ्यात मुलांना घेऊन नदीकाठी मुक्काम नकोच.