फवारणी, वैरण आणि धान्याची कोठी: तीन तातडीचे प्रश्न

खतांचे आणि लाल्याचे (कपाशीची पाने लाल पडण्याचे) प्रश्न पुढच्या आठवड्यात घेऊ. आज जिवाशी गाठ असलेले तीनच घेतो.

प्रश्न १ (यवतमाळ जिल्हा): कपाशीवर प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनचे मिश्र औषध मारले. त्यात आणखी एक कीटकनाशक आणि टॉनिक टाकले होते. संध्याकाळी मजुराला मळमळ झाली, डोळे जळजळले, घाम फुटला. सकाळी बरे वाटले. तोंडाला रुमाल बांधला होता. उद्या त्यालाच पंप द्यावा का?

उत्तर: नाही भाऊ, देऊ नका. आणि त्याला आजच डॉक्टरांना दाखवा, औषधाची बाटली सोबत न्या.

प्रोफेनोफॉससारखी औषधे शरीरातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या विकराचे (एन्झाइमचे) काम बंद पाडतात. माणसाला सकाळी बरे वाटते, पण ते विकर भरून यायला कित्येक आठवडे लागतात. त्याआधी पुन्हा विष अंगात गेले, तर पहिल्या दिवशी जेवढ्याने नुसती मळमळ झाली तेवढ्यानेच माणूस आडवा होतो. रोजी बुडते म्हणून तो स्वतः नाही म्हणणार नाही. म्हणून त्याला निंदणाचे किंवा दुसरे काही काम द्या, रोजी तीच द्या.

आता रुमालाचे. कपाशी छातीइतकी वाढली की ओळीतून चालताना झाडावरचे औषध शर्टाला, मांड्यांना पुसले जाते. तासाभरात शर्ट पुढून ओला असतो. पाठीवरचा पंप गळत असेल तर पाठही ओली. हे विष कातडीतून शिरते, त्याला रुमाल काय करणार? उलट भिजलेला रुमाल औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ पँट, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, गमबूट आणि पुढून प्लॅस्टिकचा एप्रन हवा. सगळे एकदम जमत नसेल तर आधी हातमोजे आणि एप्रन घ्या. औषध कालवताना ते पाण्यात पातळ झालेले नसते, तेव्हा हातमोजे हवेतच. कपडे भिजले की तिथेच थांबा, साबणाने अंग धुवा, कपडे बदला.

गावोगावी दिसणारी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. नोझल तुंबले की माणूस ते तोंडात धरून फुंकतो आणि त्याच हाताने खर्रा (तंबाखू-सुपारी) मळतो. नोझलसाठी जुना दातांचा ब्रश पंपाला बांधून ठेवा. खर्रा, बिडी, डबा, सगळे हात-तोंड साबणाने धुतल्यावरच.

दोन-तीन औषधे एकत्र कालवू नका. २०१७ च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, आणि मिश्रणे सर्रास मारली जात होती. आज तुमच्या शेतात तेच चित्र आहे, म्हणून इतके ठासून लिहितो. वाऱ्याच्या विरुद्ध आणि भर उन्हात फवारू नका. आणि फवारणी खरेच लागते का ते आधी बघा: गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री दर रात्री सरासरी ८ पतंग येत असतील, किंवा तोडून पाहिलेल्या बोंडांपैकी १० टक्के किडकी निघाली, तरच औषध काढा.

बाटलीवरचा त्रिकोण बघायची सवय लावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

फवारताना कुणाला लाळ सुटली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, स्नायू फडफडू लागले, दम लागला, तर त्याला शेताबाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने धुवा, कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन लावा. उलटी करवू नका, दूध किंवा मिठाचे पाणी पाजू नका. तसे केल्याने औषध फुप्फुसात उतरू शकते. बाटली पाहिली की डॉक्टरांना उपचार लगेच ठरवता येतो.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. ते धुणाऱ्या माउलीच्या हाताला तेच विष लागते. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, विहिरीपासून लांब धुवा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग तिला भोक पाडा. तीत कुणी तेल भरू नये.

प्रश्न २ (बुलढाणा जिल्हा): पावसाने महिनाभर दडी मारली. वैरणीची ज्वारी गुडघाभरच राहिली. आता पाऊस आला, हिरवीगार झाली. गाय-बैलांना कापून घालू का?

उत्तर: सध्या नको. किराळ लागते. ताण बसलेल्या आणि पाऊस पडताच नव्याने फुटलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जनावर पोटभर खाते आणि अर्ध्या तासाच्या आत धापा टाकत पडते. डोळ्यांच्या पापण्या आतून लालभडक दिसतात. धसकटाला फुटलेले कोंबही तसेच घातक, त्यामुळे कापलेल्या रानात जनावर मोकळे सोडू नका. पीक फुलोऱ्यात आले की कापा, तोवर कडबा-कुटार चालू ठेवा. जनावर पडलेच तर घरगुती उपाय करत बसू नका, १९६२ ला (जनावरांच्या डॉक्टरांच्या सेवेला) फोन करा आणि ज्वारी खाल्ली आहे हे आधीच सांगा. त्यावरचे इंजेक्शन शिरेतून द्यावे लागते आणि वेळ फार थोडा असतो.

प्रश्न ३ (वाशिम जिल्हा): गव्हाला सोंडे (धान्य पोखरणारे किडे) लागले. कोठीत टाकायला दुकानातून धान्याच्या गोळ्या आणल्या. कोठी झोपायच्या खोलीतच आहे. चालेल का?

उत्तर: ताई, मुळीच नाही. ही ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी आहे. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम वायू. त्यावर उतारा नाही. रात्री दारे-खिडक्या लावून निजलेली लेकरे सकाळी उठली नाहीत, अशी घरे आपल्या देशात आहेत. हे प्रशिक्षित माणसाने, वस्तीबाहेरच्या बंद गोदामात करायचे काम आहे.

गहू चाळा, कोरड्या दिवशी ताडपत्रीवर पातळ थर देऊन चांगला वाळवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि हवाबंद पिशवीत किंवा कोठीत भरा. दाण्याला दात लावला की कटकन फुटला पाहिजे.

गोळ्या आधीच टाकल्या असतील तर आज रात्री त्या खोलीत कुणी निजू नका. बाहेरूनच दार-खिडक्या उघडा आणि सगळे अंगणात किंवा शेजारी जा. गोळ्यांवर पाणी ओतू नका, त्याने वायू अधिकच सुटतो. काढायलाही स्वतः जाऊ नका, गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) बोलवा. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, अथवा कुणाचे डोके दुखले, उलटी झाली, छाती भरून आली, तर थेट दवाखान्यात जा आणि घरात धान्याची गोळी होती हे पहिल्याच वाक्यात सांगा.