दोन फायली, एक घर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल कणकवलीच्या बाजारात तुझी काकू भेटली. बाबांच्या गालातल्या गाठीचं ऑपरेशन ठरतंय तोच आईच्या स्तनाच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला, दोघांनाही कॅन्सर, म्हणाली. रात्रभर तू डोळ्यांसमोर होतीस. चौथीत पहिल्या बाकावर बसायचीस ती. फोनवर मला हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

२०१६ साली आमच्या घरात हेच झालं. आधी अप्पांचा गाल, चार महिन्यांनी आईचा स्तन. दोन आजार एका घरात आले की आपण त्यांचं एकच आजारपण करून टाकतो. 'आई-अप्पांचं औषध', 'आई-अप्पांची तारीख'. माझी पहिली चूक तिथेच झाली. एकच मोठी कापडी पिशवी केली आणि दोघांचे रिपोर्ट, गोळ्या, पावत्या सगळं त्यात कोंबलं. जुलैचे दिवस, रात्री वीज गेलेली. केमोच्या वेळी आईला दिलेली डेक्साची गोळी मी अप्पांच्या हातावर ठेवली. सलग दोन रात्री. ती स्टेरॉइडची गोळी, साखर चढवणारी, आणि अप्पा मधुमेही. तिसऱ्या दिवशी साखर तीनशेच्या वर गेली. निभावलं, पण डॉक्टरांनी 'ही गोळी यांना कुणी दिली?' असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तेव्हा आजच दोन फायली कर, दोन रंगांच्या. गोळ्यांचे दोन डबे कर आणि ते एका खोलीतसुद्धा ठेवू नकोस. आमच्याकडे आईचा डबा देवघराच्या कोनाड्यात असायचा, अप्पांचा पडवीतल्या फडताळात. दोघांच्या दोन वह्या घाल. रोज ताप, वजन, काय खाल्लं, पोट साफ झालं का, कुठली गोळी किती वाजता दिली, एवढंच लिहायचं. ओपीडीत डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात. तिथे 'बरं नव्हतं हो त्यांना' यापेक्षा 'मंगळवारपासून तीन दिवस फक्त पेज, वजन दोन किलो उतरलं' हे कामाला येतं.

तारखांचं सांगते. मला वाटलं होतं, दोघांचं एकाच दिवशी झालं तर एका फेरीत काम होईल. एकदा तसं करून पाहिलं आणि घरी दोघं एकदम आडवे झाले. पेला उचलून द्यायलाही कुणी नाही. आईची केमो बहुधा दर २१ दिवसांनी असेल. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, ते दिवस जपायचे. बाबांना ऑपरेशननंतर रेडिएशन सांगितलं तर ते आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतं. त्यात शेवटचे दोन आठवडे आणि नंतरचेही काही दिवस तोंड सोलून निघतं. हे दोन्ही कॅलेंडरवर मांड. आपल्या सोयीसाठी उपचार लांबवायचे नाहीत, ते डॉक्टरच ठरवतील. पण दोघांचे वाईट दिवस कुठल्या आठवड्यात एकावर एक येतायत ते तुला आधी दिसेल, आणि मावशीला, भावाला त्याच आठवड्यात बोलावता येईल. माणसं मदतीला येतात गं, पण नको त्या आठवड्यात येतात आणि चहा पिऊन जातात.

आता एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही. केमो चालू असताना ताप १००.४ किंवा त्याहून वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. घरातली क्रोसिन देऊन अंगावर पांघरूण घालायचं नाही. आधी हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर फोन, आणि निघायचं. रात्री कुणाची गाडी मिळेल, जवळचं कुठलं हॉस्पिटल रक्त तपासून शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करू शकतं, हे आताच विचारून ठेव. आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत ताप म्हटला की डॉक्टरांच्या मनात आधी लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे पसरणारा ताप, येतो, आणि ते बरोबरच आहे. पण दारातून आत जाताना तुझं पहिलं वाक्य 'हिची केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली' हे असलं पाहिजे.

बाबांच्या जवळ नातवंडांना जाऊ देऊ नका, अंगातून किरणं बाहेर पडतात, असं वाडीत कुणीतरी सांगेल. आम्हालाही सांगितलं होतं, आणि माझा पाच वर्षांचा भाचा आठ दिवस आजोबांना दारातूनच बघत होता. बाहेरच्या मशीनमधून देतात ते रेडिएशन शरीरात उरत नाही. पोराला खुशाल मांडीवर बसू दे, फक्त सर्दी-खोकला असेल तेव्हा नको. आईच्या केमोनंतर मात्र पहिले दोन दिवस संडासात दोनदा पाणी सोडायचं, आणि उलटी-लघवीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे. रेडिएशनच्या आधी बाबांचे दात दाखवून घ्या, नंतर दात काढणं अवघड होऊन बसतं. आणि मशेरीवरून त्यांना आता एक शब्दही बोलू नकोस. ते स्वतःला रोज बोलत असतील.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात, पण ती मर्यादा कुटुंबाची आहे, माणशी नाही. आई-बाबा एकाच रेशनकार्डावर असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून. म्हणून हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला दोन्ही फायली पहिल्याच दिवशी दाखव आणि कुणाचा कुठला उपचार योजनेत बसवायचा ते त्याच्यासमोर ठरव. बाबांनी सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढ, ते संरक्षण वेगळं मिळतं. परळला टाटा हॉस्पिटलला जायचं ठरलं तर तुतारी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरता येतं. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा दाखला लागतो, दोघांचे दोन घे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तपासणीची वेळ त्याप्रमाणे माग. राहायची सोय टाटातल्या समाजसेवा विभागाकडे विचार. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे रुग्ण राहतात. जागेसाठी थांबावं लागतं, तेव्हा चौकशी आधी कर.

आता जे सांगायला बसले ते.

फायली मी वेगळ्या केल्या, आणि त्या भरात माणसंही वेगळी केली. आईचा रिपोर्ट आला तेव्हा अप्पांचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. नाकात नळी, गालावर टाके. त्यांना धक्का नको म्हणून मी आईला मामाकडे पाठवलं आणि अप्पांना सांगितलं की तिचा गुडघा दुखतोय. आईलाही बजावलं, यांना काही कळू द्यायचं नाही. तीन आठवडे अप्पा रोज पाटीवर लिहून विचारायचे, 'गुडघा?' मी मान हलवायचे, बरा आहे. मग कुणीतरी भेटायला आलं आणि सहज बोलून गेलं. अप्पांनी पाटी घेतली. किती वेळ खडू नुसता धरून बसले होते. मग लिहिलं, 'तिला एकटीला ठेवलंस.' ती पाटी मी अजून पुसलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आईला घरी आणलं. तिने पायरीवरूनच विचारलं, "माका सांगूक तुका काय झाला होता?" हे ती मला म्हणत नव्हती, अप्पांना म्हणत होती. टाके दुखतात हे ते तिच्यापासून लपवत होते. तिला सगळं ठाऊक होतं.

त्यानंतर नळीतून भरवायचं काम आईने माझ्याकडून काढून घेतलं. तोवर तिची पहिली केमो झालेली, डोक्यावर एक केस नाही, साडीचा पदर घट्ट गुंडाळलेला. पेज ती आधी गाळणीतून आणि मग मलमलीतून गाळायची, कण राहिला तर नळी तुंबते म्हणून. मनगटावर थेंब टाकून कोमट आहे का बघायची. अप्पांना उशा लावून बसतं करायची आणि पन्नास एमएलची सिरिंज उंच धरून हळूहळू सोडायची, शेवटी पाणी. मग अर्धा तास त्यांना आडवं होऊ द्यायची नाही. तो अर्धा तास दोघं पडवीत बसून आंब्याच्या कलमांचं बोलायची, म्हणजे आई बोलायची आणि अप्पा लिहायचे. तिचा वाईट आठवडा आला की अप्पा उठून तिच्यासाठी मऊ भात टाकायचे. स्वतःला तोंडाने खाता येत नव्हतं, तरी मीठ बरोबर पडलंय का ते वासावरून ओळखायचे.

मला ते सगळं आधी काढून घ्यायचं होतं, त्यांना दगदग नको म्हणून. डॉक्टरांनी नको सांगितलेलं नको, जड उचलणं नको, पण एकमेकांचं करू दे त्यांना. बाबांना आईचं कळू दे, आज किंवा उद्या, तुझ्याच तोंडून. डॉक्टरांना विचार, ते सोबत बसून सांगतील. एका खोलीत खाटा लाव. दोघांपैकी कुणाला ताप-खोकला असला तरच वेगळं झोपव.

डोंबिवलीच्या भावाला पैसे पाठवण्यापलीकडचं काम दे. मुंबईतल्या तारखा, फोन, रिपोर्ट आणणं हे त्याचं. तो नाही म्हणणार नाही, त्याला काय करायचं तेच कळत नसेल. आणि आठवड्यातली एक रात्र तू दुसऱ्या घरी झोप. आमच्याकडे ये. दार उघडंच असतं.

बुधवारी मी तुमच्याकडे येते. जुनी मलमल धुऊन ठेवली आहे, ती आणते, आणि नाचणीचं सत्त्व. त्याआधी मंगळवारी आईचं रक्त तपासशील तेव्हा पांढऱ्या पेशींचा आकडा वहीत लिही आणि मला फोनवर सांग.

तुझ्या,
चौथीच्या बाई