‘लहानपण देगा देवा’: मागितलंय काय?

प्रश्न दादरहून आलाय. वडिलांच्या एकसष्टीला हॉलबाहेरच्या बॅनरवर ‘लहानपण देगा देवा’ छापायचं ठरलं. वडील अजून लोकलमध्ये खिडकीसाठी हटून बसतात, म्हणून. तर काका म्हणाले, तुकोबांनी बालपण मागितलेलंच नाही. खरं का?

काका बरोबर आहेत. पुढचे चरण कुणी म्हणत नाही, म्हणून घोळ होतो. मुंगीला साखरेचा रवा मिळतो. ऐरावत एवढं थोर रत्न, पण त्याला अंकुशाचा मार. लगेच ‘जया अंगी मोठेपण तया यातना कठीण’. मुंगी काही हत्तीचं पिल्लू नव्हे! इथलं लहानपण वयाचं नाही, मानाचं आहे. ‘व्हावे लहानाहून लहान’ हे वयाच्या हिशेबात धरलं तर पंचाईतच.

तरी बॅनर बदलायची घाई नको. आमच्या गिरगावच्या चाळीत लपाछपीत सगळ्यात धाकटं पोर ‘कच्चं लिंबू’ असायचं. खेळायचं सगळ्यांबरोबर, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. वयाने लहान म्हणून मानाने लहान, आणि म्हणूनच सुटका. महापुरात झाडं जातात, लव्हाळे वाचतात, ते याहून वेगळं काय? दोन्ही अर्थ ‘लहान’ या एकाच शब्दात नांदतात, आणि तुकोबांचा अर्थ कच्च्या लिंबाला सांगावा लागत नाही.

दुसरा शब्द हवाच असेल तर निवड अवघड आहे. ‘पोरकट’, ‘बालिश’ म्हणजे टोमणाच. ‘भाबडा’त जीव अडकतो, पण या माणसाला टॅक्सीवाला लांबून फिरवणार ही धास्तीही असते. ‘निरागस’ सगळ्यांना आवडतो, मात्र त्यात मूल कुठेच नाही. संस्कृतात ‘आगस्’ म्हणजे अपराध. तो ज्याच्या हातून घडला नाही तो निरागस. मुलांच्या चेहऱ्याला हा शब्द चिकटला तो पुढे. एकसष्ट वर्षं मुंबईत काढून कुणी मूळ अर्थाने निरागस उरला असेल, तर बॅनर दोन लावा.

छापणाऱ्याला एक मात्र बजावा. ‘देगा’ हा हिंदीतला ‘देईल’ नव्हे, ‘दे गा’ आहे. ‘गा’ ही हाक. विदर्भात अजून ‘काय गा’ म्हणतात. सुटं छापलंत तरी चालेल.