गायीच्या अंडाशयावर संशोधन करायचंय, पण पशुवैद्यक नाही

प्रश्न : मी बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गाय-मेंढीच्या अंडाशयातल्या ग्रोथ फॅक्टर सिग्नलिंगवर (पेशींना वाढीचे संदेश देणाऱ्या प्रथिनांच्या कामावर) संशोधन करावं असं वाटतं. पशुवैद्यकाची पदवी नाही, तर हा विचार सोडून द्यावा का? पुढे काम कुठे मिळेल?

उत्तर : सोडू नका. आधी एवढं ठरवा, तुम्हाला जनावराजवळ काम करायचंय की पेशींजवळ? जिवंत गायीची सोनोग्राफी, सुईने अंडपेशी काढणं, उपचार हे पशुवैद्यकाचं काम. पेशींची बाजू तुम्हाला खुली आहे, कारण यातले बरेच प्रयोग कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांवरच होतात.

विषयाची खरंच ओढ आहे का, ते असं तपासा. गायीत एकाच लाटेत अनेक फॉलिकल (अंडपेशी असलेल्या द्रवाच्या पिशव्या) वाढू लागतात आणि साधारण 8.5 मिलिमीटरच्या सुमारास एक पुढे निघतं. त्या फॉलिकलमधलं पॅप-ए नावाचं विकर आयजीएफ या ग्रोथ फॅक्टरला बांधून ठेवणारी प्रथिनं तोडतं, आयजीएफ मोकळा होतो आणि फॉलिकलच्या आतल्या अस्तरातल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएच या फॉलिकल वाढवणाऱ्या संप्रेरकाला जास्त दाद देतात. मेंढीचं उदाहरण याहून विलक्षण आहे. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढ्यांत बीएमपी-15 या ग्रोथ फॅक्टरच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर जास्त अंडपेशी सुटतात, जुळी होतात. दोन्ही बिघडल्या तर मेंढी वांझ. 2000 साली हे जनुक सापडलं. हे वाचून ‘असं का?’ हा प्रश्न पडला नाही, तर दुसरा विषय शोधलेला बरा.

रोजचं काम मात्र जनुकांच्या नावांइतकं झगमगीत नाही. अंडपेशी परिपक्व करायच्या असतील तर अंडाशयं कोमट सलाइनमध्ये आणून काही तासांतच कामाला घ्यावी लागतात. त्याच ऊतीतून आरएनए हवा असेल तर ती लगेच बर्फावर किंवा गोठवून. एकाच थर्मासमध्ये दोन्ही आणायला जाऊ नका.

नवखे सर्वाधिक फसतात ते पेशी वाढवण्याच्या माध्यमात. सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घातलं की गायीच्या ग्रॅन्युलोसा पेशी ल्युटियल पेशींसारख्या, म्हणजे अंडपेशी सुटल्यानंतरच्या पेशींसारख्या, होऊ लागतात. इस्ट्राडायोल घटतं, प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि आपण फॉलिकलचा अभ्यास करतोय हे नुसतं म्हणण्यापुरतं उरतं. म्हणून सीरम टाळून तयार आयटीएस (इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम) मिश्रण घालावं, तर त्यात बहुधा मिलिलिटरला 10 मायक्रोग्रॅम इन्सुलिन पडतं. एवढं इन्सुलिन आयजीएफचाच रिसेप्टर चालू करतं. मग वरून 10 नॅनोग्रॅम आयजीएफ-1 घालून फरक दिसत नाही, आणि दोष आयजीएफच्या कुपीला दिला जातो. इन्सुलिन नॅनोग्रॅमच्या पातळीवर आणलं तरच तुलनेला अर्थ येतो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत) फॉस्फो-ईआरकेची, म्हणजे संदेश पोचल्यावर फॉस्फेट जोडलं गेलेल्या ईआरके प्रथिनाची, पट्टी दिसत नसेल, तर आधी पाहा: पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये ते फॉस्फेट टिकवणारं फॉस्फेटेज इनहिबिटर होतं का? ग्रोथ फॅक्टर घातल्यावर पेशी 5, 15, 30 मिनिटांनी थांबवल्या, की सरळ दुसऱ्या दिवशी?

एम.एस्सी.साठी प्रजनन शरीरक्रियाशास्त्र किंवा पशु जैवतंत्रज्ञान निवडा. प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा: अंडाशयं आठवड्यातून किती वेळा येतात, यायला किती वेळ लागतो, आणि पेशी वाढवायचं काम विद्यार्थी करतात की तंत्रज्ञ. तिसऱ्याचं उत्तर ‘तंत्रज्ञ’ असेल, तर दुसरीकडे पाहा.

निव्वळ संशोधनाच्या जागा थोड्या आणि त्यांना पीएच.डी. लागतेच. पण हातात कौशल्य असेल तर जनावरांच्या आयव्हीएफ आणि भ्रूण प्रत्यारोपणाच्या प्रयोगशाळा, कल्चर माध्यम बनवणाऱ्या कंपन्या, पशुऔषधांचं संशोधन हे मार्ग आहेत. वेगळं प्रशिक्षण घेऊन मानवी आयव्हीएफमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणूनही जाता येतं. जनावरांच्या आयव्हीएफ प्रयोगशाळेत मात्र 38.5 अंश सेल्सिअसवर 22 ते 24 तासांत गायीच्या अंडपेशी परिपक्व करण्याचा तुमचा सराव आहे का, हे आधी विचारतील. शोधनिबंधांची यादी नंतर.