जिभाऊले इचारा : बर्गरवाल्याकडं नोकरी की पिझ्झावाल्याकडं?

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की हॉटेल टाकायच्या आधी नऊ वर्षं मीसुद्धा एका बर्गरच्या चेनमध्ये काढली, आधी पुणे मग नाशिक, आणि झालं, व्हॉट्सॲपवर सगळे हाच विषय घेऊन बसले. त्यामुळं या वेळी केळीचा करपा आणि भावकीची वाटणी दोन्ही बाजूला. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

जिभाऊ, मी अमळनेरहून लिहितेय. मुलगा १९ वर्षांचा, नाशिकला बी.कॉम. करतोय. दोन ठिकाणी बोलावणं आलंय, एक पिझ्झाची चेन, तिथं गाडीवर डिलिव्हरी, आणि दुसरी बर्गरची, तिथं आत किचनमध्ये. पिझ्झावाले थोडे जास्त देतात. ह्यांचं म्हणणं दोन्ही सारखंच, हॉटेलातला पोऱ्या तो पोऱ्याच. काय करू?

ताई, भाऊंना सांगा सारखं बिलकुल नाहीये. आणि पहिली गोष्ट, पोराला सांगा की दुकानावरचा बोर्ड बघू नको, ऑफर लेटरवर कोणाचं नाव आहे ते बघ. आपण म्हणतो मॅकडोनल्ड्समध्ये लागला, पण महाराष्ट्रात ती दुकानं चालवते हार्डकॅसल रेस्टॉरंट्स, म्हणजे वेस्टलाइफवाले. डॉमिनोज म्हणजे जुबिलंट फूडवर्क्स. केएफसी आणि पिझ्झा हट ही दोन्ही नावं देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स या दोन कंपन्या चालवतात, कुठं ही कुठं ती, आणि बर्गर किंगची दुकानं रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया चालवते. अमेरिकेतली कंपनी नाव, रेसिपी आणि नियम देते आणि विक्रीवर रॉयल्टी घेते, तुमच्या पोराचा पगार ती देत नाही.

याचा काय फरक पडतो म्हणाल तर दिल्लीचं उदाहरण घ्या. तिकडं मॅकडोनल्ड्सची अमेरिकन कंपनी आणि तिचा तिथला पार्टनर विक्रम बक्षी यांच्यात २०१३ पासून भांडण चालू होतं, कोर्टकचेऱ्या चालू होत्या, आणि २०१७ च्या जूनमध्ये दिल्लीतल्या ५५ पैकी ४३ दुकानांना एका झटक्यात कुलूप लागलं, कारण हॉटेलच्या परवान्यांचं नूतनीकरणच झालं नव्हतं. पुढं ऑगस्टमध्ये कंपनीनं उत्तर आणि पूर्व भारतातल्या १६९ दुकानांचं लायसन्सच काढून घेतलं. तडजोड झाली २०१९ ला. त्याच वेळी इकडं आपल्याकडं त्याच बोर्डाखाली सगळं सुरळीत चालू होतं, कारण इकडची कंपनी वेगळी. भांडले दोन मोठे आणि घरी बसली फ्रायरवरची पोरं.

आता चांगली बाजू. वर ज्या कंपन्या सांगितल्या त्या सगळ्या शेअर बाजारातल्या आहेत (हार्डकॅसल स्वतः नाही, तिची मालक वेस्टलाइफ आहे), हिशोब जगापुढं मांडावा लागतो, म्हणून पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) सहसा नीट कापलं जातं. बेसिकच्या १२ टक्के पोराचे आणि तितकेच कंपनीचे. ईएसआयसीला पोराचा पाऊण टक्का जातो आणि कंपनीचे सव्वातीन, पगार २१ हजारांच्या आत असेल तर. आपल्या गावाकडच्या हॉटेलात "बघू दिवाळीला" असं जे चालतं ते तिथं चालत नाही. पोराला पीएफचा यूएएन नंबर मागायला सांगा आणि दोन-तीन महिन्यांनी पासबुक बघायला सांगा, जमा होतंय की नाही ते.

मग जास्त पगाराचं काय, तर इथंच मेख आहे. इंटरव्ह्यूत जो महिन्याचा आकडा सांगतात तो बऱ्याचदा पूर्ण तास भरले तर असतो, आणि पार्टटाइम पोराला तास किती द्यायचे ते मॅनेजर ठरवतो. मॅनेजरच्या डोक्यावर लेबर कॉस्टची टक्केवारी (विक्रीतला किती हिस्सा पगारावर गेला ती) लटकत असते, म्हणजे दुपारी धंदा थंड पडला की तो दोन पोरांना म्हणतो जा रे घरी, आणि संध्याकाळी रश आला की राहिलेल्या चौघांनी सहा जणांचं काम करायचं. मी दोन्हीकडून बघितलंय, घरी जाणारा पण होतो आणि नंतर पाठवणारा पण झालो. म्हणून विचारायचं ते एवढंच, आठवड्याला कमीत कमी किती तास नक्की मिळतील?

डिलिव्हरीचं म्हणाल तर पिझ्झाच्या चेनचा स्वतःचा रायडर हा निदान कंपनीचा माणूस असतो, ॲपवाल्यांसारखा "पार्टनर" नसतो, हे खरं. पण गाडी कोणाची, पेट्रोल किलोमीटरवर की ऑर्डरवर, टायर-सर्व्हिसिंग कोणाच्या खिशातून, हे विचारल्याशिवाय जास्त पगार खरंच जास्त आहे का ते कळत नाही. आणि ते ३० मिनिटांचं प्रकरण. डॉमिनोजनं अमेरिकेत ३० मिनिटांची गॅरंटी १९९३ मध्ये बंद केली, रायडरच्या गाडीनं अपघात झाले, खटले झाले, कोर्टानं मोठी भरपाई द्यायला लावली तेव्हा. आपल्याकडं "तीस मिनिटांत नाहीतर फुकट" हे त्यानंतरही वर्षानुवर्षं जाहिरातीत वाजत राहिलं. कंपन्या म्हणतात आम्ही रायडरला घाई करत नाही, आणि कागदावर खरंच करत नसतील, पण दुकानात सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं असताना १९ वर्षांचं पोरगं सिग्नलला किती थांबेल ते तुम्हीच सांगा. ईएसआयसी असेल तर कामावर अपघात झाल्यास मजुरीच्या ९० टक्के मिळतात, हे माहीत असू द्या, पण त्याची वेळ न आलेली बरी.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष किचन. केसांना तेलाचा वास येतो, पाय सुजतात, क्लोजिंगला, म्हणजे रात्री दुकान बंद करताना, फ्रायर घासताना रडू येतं, पण फ्राइज सात मिनिटांच्या वर ठेवायच्या नाहीत, कच्चं आणि शिजलेलं वेगळं, माल आधी आलेला आधी वापरायचा, हे जे हाताला वळण लागतं ते जन्मभर पुरतं. आणि पायऱ्या असतात, क्रू, मग ट्रेनर, मग शिफ्ट मॅनेजर, बारावी पास पोरं स्टोअर मॅनेजर झालेली मी पाहिलीत. एकच सांभाळायचं. मी होतो त्यातल्या एका दुकानात (नाव घेत नाही) मॅनेजर आधी पंच आउट (मशीनवर सुटल्याची नोंद) करायला लावायचा आणि मग पाऊण तास फरशी धुवून घ्यायचा, आणि आम्ही येडे धुवायचो. पंच आउट झालं की झाडू खाली ठेवायचा, त्यापुढं एक मिनिट काम नाही. ओव्हरटाइम दुप्पट दरानं असतो, फुकट नसतो.

जिभाऊ, शिरपूरहून. पुतण्या कॅलिफोर्नियात एमएस करतोय. म्हणतो इथं बर्गरच्या दुकानात तासाला २० डॉलर मिळतात, सुट्टीच्या दिवशी करू का. कोणती चेन चांगली?

अप्पा, आकडा खरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून तिथं मोठ्या फास्ट फूड चेनला, म्हणजे देशभरात ६० किंवा जास्त दुकानं असणाऱ्यांना, तासाला किमान २० डॉलर द्यावेच लागतात. पण चेन निवडायच्या आधी त्याला व्हिसा वाचायला सांगा. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना कॅम्पसच्या आतच काम करता येतं, तेही आठवड्याला २० तास, आणि पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर नोकरी चालत नाही. बर्गरपायी व्हिसा घालवला तर वावर विकून भरलेली फी पाण्यात. कॅम्पसच्या कॅन्टीनमध्ये बघ म्हणावं.

बाकी कुतूहल म्हणून सांगतो. तिकडं मॅकडोनल्ड्सची जवळपास ९५ टक्के दुकानं वेगवेगळ्या फ्रँचायझीवाल्यांची, म्हणून एका दुकानात मालक देवमाणूस तर पुढच्या चौकात खडूस. कंपनी जागेच्या भाड्यावरही कमावते, बर्गर कोणी का तळेना. याउलट इन-एन-आउट नावाची १९४८ ची कॅलिफोर्नियाचीच चेन आहे, ती फ्रँचायझी देतच नाही, सगळी दुकानं स्वतःची, मेनू चार ओळींचा, आणि पगार इतरांपेक्षा बरा अशी तिची ख्याती. चिक-फिल-ए ही चिकनवाली चेन रविवारी बंदच असते. तिथं पण बोर्डाच्या मागं कोण आहे तेच बघायचं.

राम राम जिभाऊ, धुळ्यातून. ऑनलाइन फॉर्म भरला होता, मोठ्या बर्गर कंपनीची फ्रँचायझी मंजूर झाली असा ईमेल आलाय. लोगोसकट लेटर आहे. रजिस्ट्रेशनचे पैसे भरले, आता एनओसीचे मागून राहिले. हायवेला प्लॉट आहे आपला. भरू का?

भाऊ, थांबा. एक रुपया भरू नका. मॅकडोनल्ड्स काय, डॉमिनोज काय, आपल्याकडं एकेका दुकानाची फ्रँचायझी असं प्लॉट बघून कोणाला वाटत नाहीत, वर सांगितलेल्या कंपन्याच सगळी दुकानं चालवतात. हा धंदाच आहे भामट्यांचा, हुबेहूब वेबसाइट, गोड बोलणारी मॅडम, आधी रजिस्ट्रेशन, मग एनओसी, मग ॲग्रीमेंट फी, मग मशिनरीचा ॲडव्हान्स. बँक खातं कंपनीच्या नावावर आहे का भलत्याच नावावर ते बघा, कळेल. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि सायबर पोलिसात तक्रार द्या, जितकं लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. लाजू नका, चांगले शिकलेले लोक यात अडकलेत.

प्लॉट हायवेला आहे तर या कंपन्यांना तो भाड्यानं देता येतो का ते त्यांच्या खऱ्या ऑफिसला विचारा, त्यांना जागा लागतातच. आणि फ्रँचायझीच करायची हौस असेल तर जंबोकिंग, गोली यांसारखे वडापाववाले देशी ब्रँड देतात. पण तिथंही आधी तीन चालू दुकानदारांना भेटा, कंपनीनं सांगितलेले नाही, तुम्ही शोधलेले. माल फक्त त्यांच्याकडूनच घ्यायचा का, दुसरं दुकान किती अंतरावर देणार, आणि करार मोडला तर डिपॉझिटचं काय, हे तीन प्रश्न.

जिभाऊ, चाळीसगावची आहे, पुण्यात एका चेनमध्ये लागले. क्लोजिंगची शिफ्ट लावतात, रूमवर यायला रात्रीचा एक वाजतो. नाही म्हणता येतं का?

येतं पोरी. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकान कायद्याप्रमाणं रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईमाणसाला काम द्यायचं तर तिची संमती लागते, आणि रात्री घराच्या दारापर्यंत सोडायची व्यवस्था मालकानं करायची असते. रिक्षाचे पैसे तुझ्या पगारातून नाही. लेखी माग, व्हॉट्सॲपवर चालेल, पण लिहून. मॅनेजर ऐकत नसेल तर एचआरला ईमेल कर, चेनचा हा एक फायदा आहे की मॅनेजरच्या वर कोणीतरी असतं.

काय भो जिभाऊ. भुसावळ स्टेशनजवळ आपली वडापाव-भजीची गाडी, वडिलांपासून. समोरच्या नव्या बिल्डिंगीत मोठी चेन येऊन राहिली म्हणे. २० वर्षांचं गिऱ्हाईक जाईल का? काय करू भो?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण माझंच हॉटेल आहे. आधी भीती काढून टाका. १९९५ ला केएफसी बंगळुरूत आली तेव्हा कर्नाटकातले शेतकरी नेते नंजुंडस्वामी यांच्या संघटनेनं केवढा विरोध केला, पुढं १९९६ मध्ये दुकानावर हल्ला सुद्धा झाला. केएफसी काही गेली नाही, पण दक्षिणेतला इडली-डोसेवाला पण कुठं गेला? गिऱ्हाईक दोन्हीकडं जातं. स्टेशनवर ज्याची गाडी दहा मिनिटांत सुटणार आहे तो समोरच्या एसीत टोकन घेऊन उभा राहणार नाही.

ते एकमेकांशीच जास्त भांडतात. मॅकडोनल्ड्सनं २० रुपयांची आलू टिक्की काढून सगळ्यांना कामाला लावलं (ती टिक्की म्हणजे आपल्या बटाटेवड्याचाच इंग्रजी शाळेत गेलेला भाऊ), मग २०१४ ला बर्गर किंग आलं, डॉमिनोजच्या जुबिलंटनं केएफसीला टक्कर द्यायला २०२२ ला पोपाईज आणलं. आणि केएफसी-पिझ्झा हट शेजारी शेजारी दिसले तर ती कॉम्पिटिशन नाही बरं का, दोन्हीच्या वर यम ही एकच अमेरिकन कंपनी. १९९७ पर्यंत ही दोन्ही पेप्सीच्या घरातली होती. एवढ्या मोठ्यांच्या कुस्तीत तुमच्या गाडीकडं बघायला त्यांना वेळ नाही. शिवाय त्यांचं भाडं, एसी, रॉयल्टी, तळोज्याहून येणारी पॅटी, मेहसाण्याहून फ्रोझन फ्राइज, हे सगळं वसूल व्हायला त्यांना रोज जेवढा गल्ला लागतो तेवढ्यात तुमचं महिन्याचं भागेल.

तुमचं गिऱ्हाईक नाही जाणार. तुमच्या हाताखालचा पोरगा जाईल. तो जो कढईवर उभा असतो ना, ज्याचा हात बसलाय, त्याला समोर युनिफॉर्म दिसेल, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत पगार, आठवड्याची सुट्टी, आणि एक दिवस तो येणारच नाही. माझे दोन गेले असे, त्यात एक शेवभाजीचा मसाला माझ्यापेक्षा चांगला भाजायचा, अजून हळहळतो मी. चेनएवढा पगार आपण देऊ शकतो हो, आपल्याला रॉयल्टी भरायची नाही, पण आपण देत नाही, उचल देतो, ओरडतो, आणि सुट्टी मागितली की चेहरा पाडतो. ते दुकान उघडायच्या आधी त्याला बसवून विचारा काय पाहिजे. आठवड्याला एक दिवस सुट्टी आणि पाच तारखेला पगार एवढं तरी ठरवून टाका, सुट्टीच्या दिवशी कढईवर तुम्ही उभं राहा, वडील राहायचेच ना.

तेल मात्र रोजच्या रोज बदला, समोर स्वच्छ दुकान आलं की लोक आपल्या कढईत वाकून बघायला लागतात. आणि तळलेली मिरची फुकट देणं बंद करू नका.