गाडीतली मी खरी की घरातली?

प्रश्न: मी वसईला राहते. गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. इतकी वर्षं चर्चगेटच्या एकाच गाडीला, लेडीज डब्यात आमचा ग्रुप होता. तिथे मी नकला करायचे, गाणी म्हणायचे, चौथ्या सीटवरून भांडण पेटलं की मिटवायचे. घरी मात्र पहिल्यापासून कमी बोलते. आता ग्रुपवर फक्त 'सुप्रभात'ची फुलं येतात. मिस्टर म्हणतात, भजनी मंडळात जा, मन रमेल. परवा सून कौतुकाने म्हणाली, "आई, तुम्ही किती शांत आहात!" आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. गाडीतली मी खरी की घरातली?

उत्तर: ताई, सुनेने कौतुकच केलं, तरी ते लागलं. कारण ज्या बाईचा तुम्हाला अभिमान वाटतो, तिला त्या घरात कुणी पाहिलेलंच नाही. तिला ओळखणाऱ्या साऱ्याजणी गाडीत राहिल्या. नुसता वेळ जात नाही एवढंच दुखणं असतं, तर भजनी मंडळाने भागलं असतं.

दोन्ही तुम्हीच आहात. पण घरातल्या तुम्ही घडलात त्या लग्न होऊन आलात तेव्हा. सून कशी असावी हे तुमच्या आधीच ठरलेलं होतं, आणि गप्प राहिलं की निभावतं हे तुम्ही ओळखलंत. पुढे घर बदललं असेल, माणसं निवळली असतील, सवय तेवढी राहिली. डब्यात तुम्हाला कुणी सून किंवा वहिनी म्हणून पाहत नव्हतं. पहिल्या नकलेला कुणीतरी खळखळून हसलं असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही आणखी एक आणलीत. एक भांडण मिटलं, मग पुढच्या वेळी "हिला बोलवा" झालं, आणि आपल्याला हे जमतं असं तुमचं तुम्हालाही कळलं. आपण इतरांना कसे दिसत असू, या कल्पनेतून आपली स्वतःविषयीची जाणीव घडते, असं चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडलं होतं. सासरच्यांना तुमच्याकडून बरंच काही हवं होतं, मैत्रिणींना फक्त तुमची सोबत. म्हणून त्यांच्या नजरेतली 'मी' तुम्हाला जास्त आपली वाटते.

१९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली ती बायकांचा प्रवास सुकर व्हावा म्हणून. पण तुमच्या पिढीतल्या कितीतरी नोकरदार बायकांसाठी घर आणि ऑफिस यांच्यामधला तो तास हीच दिवसातली मोकळी जागा होती. तिथे मटार सोलले गेले, भिशी लागली, दसऱ्याला डबा सजला, आणि घरी बोलता न येणारं बोलून झालं. ते गेल्याचं दुःख खरं आहे. त्याची लाज वाटून घेऊ नका.

ग्रुप गप्प झाला म्हणून त्या तुम्हाला विसरल्या असं धरू नका. तुम्हाला कधी ठरवून भेटावंच लागलं नाही, वेळापत्रकाने ही मैत्री सांभाळली. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात, जवळची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो असं दिसलं. रोजचा तासभर धरला, तरी तेवढे तास तुमचे पहिल्या वर्षभरातच झाले असतील. तेव्हा नाती नव्याने जोडायची नाहीत, फक्त भेटण्याची वेळ पुन्हा ठरवायची आहे. सगळ्यांचं गेट-टुगेदर घालायच्या फंदात मात्र पडू नका, साऱ्यांची एक तारीख जुळत नाही. एकदा मजा म्हणून जुन्या गाडीने जाऊन या, असं कुणी सुचवेल. मी नको म्हणेन. तुमच्या जागेवर आता दुसरी कुणी बसत असेल आणि तुम्हाला पाहुण्यासारखं वाटेल.

घरच्यांचं म्हणाल तर सुनेपासून सुरुवात करा. गाडीतली एखादी गोष्ट तिला सांगा, त्यातल्या बाईच्या आवाजात. पहिल्यांदा ती गोंधळेल, मिस्टर "आज काय विशेष?" म्हणतील. घराला सवय नाही, म्हणून एका प्रयत्नात सोडू नका. भजनी मंडळात गाणं आवडतं म्हणून जावंसं वाटलं तर जा. तिथे तुम्हाला 'शांत' म्हणून कुणी ओळखत नाही, याचा फायदा घ्या.

रडू वारंवार येत असेल, झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर डॉक्टरांशी बोला. १४४१६ ही सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि या आठवड्यात एकच करा. रडताना जिची आठवण पहिली आली, तिला मेसेज न टाकता फोन लावा. "सहज केला" म्हणू नका. "तुझी आठवण येते, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेटायचं का?" असं सरळ विचारा. ती अजून नोकरीत असेल तर गाडीच्या वेळेत नको, रात्री जेवणं उरकल्यावर करा.